पंचाची दया

“सामी, चूक कोणाची, ते तुम्हीच सांगा,” असे म्हणून तो गृहस्थ आमच्या ओटीच्या पायरीवर बसला. कुंभकोणम्‌च्या पितळी भांड्यांच्या कामावर त्याचे पोट आहे. हाताच्या बोटांवर घासणीचा काळेपणा कायमचा बसलेला. त्याच्या मागे त्याचा तेरा वर्षांचा मुलगा खाली मान घालून उभा होता. हा मुलगा नदीकाठच्या मुलांमध्ये कबड्डीतला सर्वांत चपळ चढाईपटू. तीन वर्षे तो एका शाळेतील व्यायामशिक्षकांच्या हाताखाली खेळत होता. तंजावरला स्पर्धेस गेला, आणि तेथील पंचाने एकाच सामन्यात त्याला तीन वेळा दम तुटला म्हणून बाद दिले. तिसऱ्यांदा बाद झाला तेव्हा खेळ संपण्यास फार वेळ उरला नव्हता. संघ हरला. परतीच्या बसमध्ये मुलगा कोणाशी बोलला नाही, आणि त्यास आठ दिवस झाले तरी मैदानाकडे फिरकला नाही.

“एक तर तो पंच आंधळा असला पाहिजे, नाही तर आमचे सार,” बाप म्हणाला. “तीन वर्षांत सारांनी या पोराचा दम तुटला असे एकदाही म्हटले नाही. मग तंजावरला तो तीनदा कसा तुटला?”

वाचकहो, माझा व्यवसाय संस्कृत टीकाग्रंथांच्या भाषांतराचा. पूर्वज तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने या देशी आले. 1855 साली ते राज्य संपले, तरी आमच्या घरातील मराठी संपली नाही. सकाळ पोथ्यांत जाते आणि सायंकाळ कावेरीच्या पायऱ्यांवर. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते, त्या वाळूत मुले खेळतात, आणि मी बघत बसतो. एवढाच काय तो माझा खेळाशी संबंध. तथापि या बापाने विचारलेला प्रश्न खेळापुरता नाही. आपल्यापैकी प्रत्येक गृहस्थ आपल्या घरात रोज पंच असतो. कोणाच्या भांडणात कोणाची बाजू खरी, कोणाचा अभ्यास पुरा झाला, कोणाची लबाडी पाहूनही न पाहिलीशी करावी, हे निर्णय आपण दिवसातून दहा वेळा देतो, आणि ज्यांच्याविषयी देतो ती मुले त्या निर्णयांनीच घडतात अथवा बिघडतात. म्हणून हा विषय येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम दम म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण शहरातील पुष्कळ वाचकांनी हा खेळ केवळ दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला असेल. चढाई करणाऱ्याने मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी ‘कबड्डी’ हा शब्द सुरू करावयाचा, आणि आपल्या अंगणात परत येईपर्यंत एकाच श्वासात, अखंड, स्पष्ट व ऐकू येईल असा म्हणत राहावयाचे. मध्ये श्वास घेतला, तर तो बाद. तमिळ देशात या खेळाला सडुगुडु म्हणत, महाराष्ट्रात हुतुतू. नियम ठिकठिकाणी निराळे होते. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून प्रसिद्ध केले. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे हा खेळ करून दाखवला, आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याला स्थान मिळाले. आता चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आहे आणि मोठ्या सामन्यांत चित्रफीत पाहून निर्णय होतात. परंतु दमाचा निर्णय आजही मुख्यतः पंचाच्या कानावर अवलंबून आहे. पाय रेषेबाहेर पडला तर मातीवर खूण राहते; श्वास तुटल्याची खूण कोठेही राहत नाही. मुलगा वळताना तोंड फिरवतो, ओठ हलत राहतात, शब्दाचा नुसता हुंकार होतो, आणि त्या हुंकाराच्या आड अर्धा श्वास आत जातो. भोवती लोक ओरडत असतात. अशा वेळी निर्णय देणे म्हणजे काय, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या शिक्षकांना गाठले. आमची जुनी ओळख आहे. कॉफीचा पेला पुढे ठेवून मी सरळ विचारले. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “शास्त्रिगळ, दम तुटत होता. पहिल्या वर्षापासून तुटत होता. मला ऐकू येत होते.”

“मग शिटी का वाजवली नाही?”

“तो आला तेव्हा दहा वर्षांचा होता. अंगात इतकी चपळाई, आणि स्वभाव इतका भित्रा! पहिल्याच दिवशी तीनदा शिटी वाजवली असती तर चौथ्या दिवशी तो आलाच नसता. म्हटले, आधी पाय तयार होऊ देत, हात तयार होऊ देत, श्वास मागाहून येईल. पुढे तो संघाचा आधार झाला. मग शिटी वाजवणे आणखी कठीण झाले.” आणि नंतर ते हसून म्हणाले, “तुमच्या गीतेतच सांगितले आहे ना, की अजाण माणसाचा बुद्धिभेद करू नये?”

हा वार नेमका बसला. तिसऱ्या अध्यायातील 26 व्या श्लोकाकडे त्यांचा रोख होता. जो कर्मात गुंतलेला आहे पण अजून जाणता झालेला नाही, त्याचे मन जाणत्याने उखडून टाकू नये, असा त्याचा आशय. शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा श्लोक उशाशी ठेवावा असे मला वाटते. नवख्या मुलाच्या प्रत्येक पावलाला दोष दाखवणारा शिक्षक त्या मुलाच्या हातून खेळच काढून घेतो. मी पाठशाळेत असताना असे एक अध्यापक पाहिले आहेत. त्यांच्या वर्गातून चुका नाहीशा झाल्या आणि त्यांच्यामागोमाग विद्यार्थीही. तेव्हा शिक्षकांची दया खोटी होती असे मी म्हणणार नाही.

परंतु त्या श्लोकाचा उत्तरार्ध सोडून चालत नाही. तेथे जाणत्याने काय करावयाचे तेही सांगितले आहे: स्वतः नीट आचरण करीत इतरांकडून कर्म करवून घ्यावयाचे. करवून घ्यावयाचे, हे महत्त्वाचे. न झालेले कर्म झाले असे म्हणावे, अशी मोकळीक त्यात कोठेच नाही. मुलाचा दम पुरत नसेल तर त्याला लहान चढाई द्यावी, निदान रेषेपर्यंत जाऊन परत ये म्हणावे, सामन्याऐवजी नुसता दमाचा सराव द्यावा. हे सारे बुद्धिभेद टाळण्याचेच उपाय होत. पण दम तुटलेला असताना हात वर करून गुण देणे हा निराळा प्रकार आहे. त्यात मुलाला धीर मिळत नाही, खोटी साक्ष मिळते. आणि ही साक्ष ज्याच्यावर त्याचा सर्वांत अधिक विश्वास आहे त्याच्या तोंडून आलेली असते. तीन वर्षे त्या मुलाने आपला श्वास स्वतःच्या कानांनी कधी ऐकला नाही, कारण तो ऐकणारा दुसरा कोणी आहे अशी त्याची समजूत होती.

आमचे गुरुजी पाचव्या अध्यायातील समदर्शनाचा श्लोक शिकवताना एक प्रश्न हमखास विचारीत. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा यांच्या ठिकाणी पंडित समच पाहतो. तर मग हत्तीला आणि कुत्र्याला तो एकच खाद्य घालतो काय? आम्ही हसत असू. तेव्हा ते सांगत की दृष्टी सम असावी, वर्तन ज्याचे त्याच्या जोगे असावे. शिक्षकांशी बोलताना मला या जुन्या प्रश्नाची आठवण झाली, आणि त्यांच्या हातून नेमके काय घडले ते स्पष्ट झाले. शिकवताना ते प्रत्येक मुलाशी निराळे वागत, ते योग्यच होते. भित्र्याला गोंजारावे, दांडग्याला आवरावे, मंदाला वेळ द्यावा. पण शिटी ओठांवर आली की माणूस शिक्षक राहत नाही. तेथे समोर चपळ मुलगा आणि मंद मुलगा असे कोणी नसते. दम अखंड आहे की तुटला आहे एवढेच असते. त्यांनी वर्तनातील भेद दृष्टीत नेला. आणि गंमत अशी, की त्याच संघातील एका लठ्ठ, हळू मुलाचा दम तुटला की ते लगेच शिटी वाजवीत, हे मी स्वतः पायरीवर बसून पाहिले आहे. त्या मुलाचा दम आज सर्वांत चांगला आहे! त्याच्याविषयी कोणी दया दाखवली नाही, म्हणून तो शिकला.

हे ऐकून कोणी म्हणेल की मग सामन्यात प्रत्येक बारीक दोषाला शिटी वाजवावी. तसे मला म्हणावयाचे नाही. आमच्या विद्येत शिकवण्याच्या दोन रीती आहेत. वेदपाठात स्वर चुकला की गुरू तत्क्षणी थांबवतो. एक अक्षरही पुढे जाऊ देत नाही, कारण चुकलेला स्वर एकदा जिभेवर बसला की तो काढणे फार कठीण. उलट शास्त्राच्या पाठात विद्यार्थी पूर्वपक्ष मांडू लागला आणि त्याची वाट चुकलेली दिसली, तरी गुरू त्याला थांबवीत नाही. चालू देतो, शेवटी भिंतीवर डोके आपटेपर्यंत चालू देतो, कारण तेथे वाट चुकण्यातूनच वाट कळते. या दोहोंत कोणती रीत कठोर आणि कोणती दयाळू, हा प्रश्न व्यर्थ आहे. कोणता दोष जिभेवर बसणारा आणि कोणता आपोआप गळून पडणारा, हे ओळखण्यातच गुरूचे गुरुत्व. कबड्डीत मुलाने पकडीसाठी चुकीच्या वेळी झेप घेतली, तर त्याचे फळ त्याला तिथल्या तिथे मिळते. पंचाने काही बोलण्याची गरज नाही. दम चोरणे मात्र जिभेवर बसणारा दोष आहे. प्रतिपक्षाच्या मुलाची मान धरणे किंवा मुद्दाम इजा होईल असा धक्का देणे हे त्याहूनही वाईट. तेथे क्षणाचाही विलंब नको, कारण तेथे दुसऱ्याच्या शरीराचा प्रश्न असतो.

आता खरी अडचण. पंचाला निश्चय झाला नसेल तर? न्यायशास्त्रात प्रत्यक्ष ज्ञानाचे लक्षण करताना ते निश्चयात्मक असले पाहिजे अशी अट घातली आहे. दुरून दिसणारा खांब आहे की माणूस, असे जोवर डोलायमान आहे तोवर डोळे उघडे असूनही आपण ते पाहिलेले नाही. संशय म्हणजे अर्धे प्रत्यक्ष नव्हे, तो प्रत्यक्षाचा अभाव आहे. म्हणून ज्या पंचाला ‘तुटला असावा’ असे वाटले त्याने काहीच ऐकलेले नाही, आणि त्याने हात उचलू नये. हा लाभ दोन्ही बाजूंना सारखाच मिळाला पाहिजे, ही एकच अट. शिक्षकांचा संशय मात्र एकाच मुलाच्या बाजूला कलत असे, आणि जो नेहमी एकाच बाजूला कलतो त्याला संशय हे नाव शोभत नाही.

यंत्राने ही अडचण सुटेल असे आजकाल पुष्कळांना वाटते. 7 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई स्पर्धेतील पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. अगदी शेवटी, दोन्ही बाजूंचे 28 गुण झाले असताना, भारताचा चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला आणि इराणचे काही खेळाडू त्याच्या मागोमाग तेथे गेले. कोण बाद, किती बाद, यावर वाद पेटला. सामना जवळजवळ तासभर थांबला. चित्रफीत तेथे होतीच, आणि काय घडले याविषयी फारसा मतभेदही नव्हता; जुना नियम लागू की नवा, यावर सारे भांडण होते. शेवटी भारत 33–29 असा जिंकला. चित्र घटना दाखवते, निर्णय दाखवत नाही. जगातील उत्तम पंचांची ही गत, तर नदीच्या वाळूत तेरा वर्षांच्या मुलांपुढे उभ्या असलेल्या एकट्या मास्तरांविषयी आपण किती बोलावे?

येथवर मी दुसऱ्याच्या दोषाविषयी लिहिले. माझाही एक आहे, आणि तो लपवून हा लेख पुरा करणे मला जमणार नाही.

काही वर्षांपूर्वी पोंगलच्या दिवसांत मुलांचे सामने होते. रेषेवर उभा राहणारा पंच तापाने आजारी पडला, तेव्हा याच शिक्षकांनी मला विनंती केली: “शास्त्रिगळ, तुम्हांला फक्त पाय पाहावयाचे आहेत.” मी उत्साहाने उभा राहिलो. पहिल्या डावात एक मुलगा पकड करताना कडेला ढकलला गेला, आणि मी हात वर करून तो बाहेर गेल्याची खूण केली. मुलगा काही न बोलता बाहेर जाऊन बसला. पुढची चढाई सुरू होण्यापूर्वी माझी नजर खाली गेली. आदल्या रात्री पाणी शिंपडलेले असल्यामुळे माती ओली होती, आणि चुन्याच्या रेषेच्या चांगले चार बोटे आत त्याच्या टाचेचा ठसा स्पष्ट उमटला होता. रेषेवरचा चुना जसाच्या तसा.

त्या क्षणी सरपंचांना हाक मारून ‘मी चुकलो’ एवढे दोन शब्द बोलावयाचे होते. मुलगा परत आत आला असता. पण शंभर माणसे पाहत होती, आणि कुंभकोणम्‌च्या शंभर माणसांत मी पंडित म्हणून ओळखला जातो. मी बोललो नाही. इतकेच झाले असते तरी ते एक पाप होते. परंतु माझ्या मनाला ते सलू लागले, आणि त्या सलण्याने मला दुसऱ्या पापाकडे नेले. दुसऱ्या डावात प्रतिपक्षाच्या एका मुलाचा पाय रेषेच्या अगदी जवळ पडला. आत होता. मला दिसले की आत होता. तरी माझा हात वर गेला. मनात हिशेब झाला, की आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या.

सारख्या कोणाच्या? पहिल्या मुलाचे गेलेले त्याला मिळाले नाही, आणि ज्या दुसऱ्या मुलाने काहीच केले नव्हते त्याचे मी घेतले. त्या दुसऱ्या मुलाने माझ्याकडे पाहिले. तो रागावला नव्हता. तो स्वतःच्या पायाकडे पाहू लागला, जणू आपला पाय आपल्याला न सांगता बाहेर गेला की काय अशा शंकेने. ती नजर मी विसरलेलो नाही. प्रायश्चित्तप्रकरणे मी वर्गात शिकवली आहेत, भाषांतरित केली आहेत. पहिल्या असत्याचे प्रायश्चित्त दुसऱ्या असत्याने होते असे त्यांत कोठेही लिहिलेले नाही. तरी हा हिशेब माझ्या हातून झाला, आणि अनुभवी पंचांशी बोलल्यावर समजले की तो पुष्कळांच्या हातून होतो. घरातही होतो. थोरल्याला उगाच मारले म्हणून सायंकाळी धाकट्याला उगाच रागावणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू समत्वाचाच असतो!

म्हणून तंजावरच्या त्या अनोळखी पंचाविषयी माझे मत बापाला आवडण्याजोगे झाले नाही. त्याने ऐकले ते सांगितले. पहिल्यांदा बाद दिल्यावर त्याला बाहेरून शिव्या पडल्या असतील, दुसऱ्यांदा अधिक पडल्या असतील. तिसऱ्यांदा, सामना संपत आलेला असताना, गप्प बसणे त्याला किती सोपे होते! तो गप्प बसला नाही. अठराव्या अध्यायात कर्म सिद्ध होण्याची पाच कारणे सांगितली आहेत, आणि कर्ता हा त्यांपैकी केवळ एक. त्या पराभवाची कारणे मोजू लागलो तर मुलाचा श्वास, शिक्षकांची दया, आम्हा प्रेक्षकांच्या टाळ्या आणि बापाचा अभिमान, सारीच त्यात येतात. बाप दर रविवारी नदीकाठी येऊन ओरडत असे, आणि त्याच्या ओरडण्यात दम ऐकू येणे अशक्यच होते. हे मी त्याला सांगितले. त्याने ते ऐकून घेतले, हे त्याचे मोठेपण.

तरीही मुलगा घरातच होता. बापाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, मुलाचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

नंतरच्या शुक्रवारी शिक्षक त्याच्या घरी गेले. मलाही बरोबर नेले; एकटे जाण्याचा धीर होत नसावा. त्या लहानशा खोलीत, अर्धवट घासलेल्या समयांच्या राशीशेजारी बसून, ते मुलाला बापादेखत म्हणाले, “तंबी, तुझा दम पहिल्या वर्षापासून तुटत होता. मला ठाऊक होते. मी सांगितले नाही. दोष माझा.” अशा वयाच्या मुलापुढे एवढे बोलणे सोपे नसते, आणि मला रेषेवरची ती ओली माती आठवली.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “कोठे तुटतो, सार?”

“वळताना. डावीकडे वळताना.”

“नेहमी?”

“नेहमी.”

मेट्टूरच्या धरणाचे पाणी अजून आले नव्हते. सायंकाळी आम्ही तिघे कोरड्या पात्रात उतरलो. शिक्षकांनी वाळूत काठीने एक रेघ ओढली, वीस पावलांवर दुसरी. मुलाने डावीकडून वळून परत यावयाचे, पकडणारा कोणी नाही. घड्याळ माझ्या हातात दिले. पहिल्या खेपेस अकरा सेकंदांवर, डावीकडे वळतानाच, श्वास तुटला. शिक्षकांनी शिटी वाजवली. मुलाने मान हलवली. या वेळी त्यालाही ऐकू आले होते. तो पुन्हा रेघेवर जाऊन उभा राहिला.